प्रोसेसर नऊ, वेग मात्र पाचपट!

एका संगणकाला एक काम करायला १०० मिनिटे लागतात. त्यात एकाऐवजी नऊ प्रोसेसर बसवले, तर वेग नऊपट होईल का? तुम्ही चटकन 'हो' म्हणाल. पण थांबा! आधी थोडे गणित करू या.

समजा, ९० उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत. प्रत्येकीला एक मिनिट लागते. मात्र त्याआधी मुख्य परीक्षकांनी आदर्श उत्तरे ठरवायला हवीत. त्यात १० मिनिटे जातात व तोवर बाकीच्यांना स्वस्थ बसावे लागते. एकटे परीक्षक हे काम १०० मिनिटांत उरकतील. परीक्षक नऊ झाले, तर प्रत्येकाच्या वाट्याला दहा उत्तरपत्रिका येतील. एकूण वेळ १० + १० = २० मिनिटे. म्हणजे वेग वाढला पाचपटच! ९० परीक्षक बोलावले, तरी १० + १ = ११ मिनिटे लागणारच; वेग सुमारे नऊपट. पहिली १० मिनिटे वाटून घेता येत नाहीत, म्हणून वेग दहापटीपलीकडे कधीच जाणार नाही.

संगणकाच्या आज्ञावलीतही काही भाग असा एकामागून एकच करावा लागतो. त्यामुळे वेगावर पडणारी मर्यादा अमेरिकन संगणकतज्ज्ञ जीन आम्डाल यांनी १९६७ साली दाखवून दिली. तिला 'आम्डालचा नियम' म्हणतात.

आणखी एक अडचण आहे. सर्वांचे गुण एकाच नोंदवहीत लिहायचे असतील तर? एक जण लिहीत असताना बाकीचे रांगेत! अनेक प्रोसेसर स्मृतीतील एकच आकडा बदलू पाहतात, तेव्हा त्यांनाही असेच थांबावे लागते. नाहीतर एकाने लिहिलेले दुसरा पुसून टाकील. रांग फार वाढली, तर प्रोसेसर वाढवूनही काम उलट मंदावते!

मग अनेक प्रोसेसरांचे संगणक बांधायचे कशाला? जॉन गुस्टाफसन यांनी १९८८ साली याचे उत्तर दिले : काम मोठे घ्या. उत्तरपत्रिका ९०० असल्या, तर एका परीक्षकाला ९१० मिनिटे लागतील, ९० परीक्षकांना अवघी २०. वेग ४५ पटींहून जास्त! हवामानाच्या अंदाजासाठी नकाशाचे चौकोन अधिक बारीक केले, की वाटून घेण्याजोगे काम असेच वाढते. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली तयार केलेला 'परम ८०००' हाही अनेक प्रोसेसरांचाच संगणक होता.

आता तुम्हीच सोडवा : उत्तरपत्रिका ९० व परीक्षकही ९०, पण आदर्श उत्तरे पाचच मिनिटांत ठरली, तर वेग किती पट होईल?

(उत्तर : ९५ ÷ ६, म्हणजे सुमारे १६ पट.)