टर्बो गाडीचा इंटरकूलर बदलायचा? आधी तापमान मोजा

सायकलच्या चाकात हातपंपाने हवा भरताना पंपाचा खालचा भाग गरम लागतो. तो केवळ घर्षणाने तापत नाही. कोणताही वायू झपाट्याने दाबला की त्याचे तापमान वाढते, हा निसर्गनियमच आहे. टर्बोचार्जर लावलेल्या गाडीत नेमके हेच घडते, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर एक छोटी चक्की मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेते. तिच्याच दांड्यावर बसवलेली दुसरी चक्की बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येते आणि लहान इंजिनातून मोठी ताकद मिळते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी याने १९०५ मध्ये ज्या कल्पनेचे पेटंट घेतले, तिचा गाभा एवढाच.

पण दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा विरळ होते. म्हणजे टर्बोने एका हाताने दिलेले उष्णता दुसऱ्या हाताने काही अंशी काढून घेते. यावरचा उपाय म्हणजे इंटरकूलर. टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये बसवलेला हा रेडिएटरसारखा भाग आतून जाणारी गरम हवा बाहेरच्या वाऱ्याने गार करतो. मालमोटारींच्या मागे-पुढे लिहिलेली ‘टीसीआयसी’ ही अक्षरे म्हणजे ‘टर्बोचार्ज्ड इंटरकूल्ड’. डिझेल गाड्यांत इंटरकूलर आला तो केवळ ताकदीसाठी नाही. आत जाणारी हवा गार असली की ज्वलनाचे कमाल तापमान उतरते आणि नायट्रोजन ऑक्साइडसारखे घातक वायूही कमी तयार होतात.

स्पोर्ट्‌स कारच्या जगात पोर्शेने १९७८ च्या ९११ टर्बोला इंटरकूलर दिला आणि तो मागच्या पंखाखाली बसवला. सुबारू डब्ल्यूआरएक्सच्या बॉनेटवरचा तो प्रसिद्ध उघडा जबडा इंटरकूलरला वारा मिळावा म्हणूनच आहे. आपल्याकडे स्कोडा ऑक्टाव्हिया आरएससारख्या गाड्या आल्या, वेगाची हौस असलेला वर्ग वाढला आणि ‘कंपनीचा इंटरकूलर काढून मोठा बसवा’ हा सल्लाही गॅरेजांतून ऐकू येऊ लागला. बाकी गाडी जशीच्या तशी असेल, म्हणजे टर्बो, सायलेन्सर, इंजिनाची संगणकीय मांडणी यांपैकी काहीच बदललेले नसेल, तर या सल्ल्यात तथ्य किती? उत्तर थोड्या आकडेमोडीतून मिळते.

तीन टक्के आणि पाच टक्के

समजा, बाहेर ३५ अंश सेल्सियस तापमान आहे आणि टर्बो हवेचा दाब दुप्पट करतो. टर्बोच्या दाबयंत्राची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर त्यातून बाहेर पडणारी हवा सुमारे १३० अंशांवर असते. चहाच्या उकळत्या पाण्यापेक्षाही गरम. कंपनीच्या इंटरकूलरने बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असलेल्या उष्णतेतला ७० टक्के भाग काढला, तर इंजिनाला मिळणारी हवा साधारण ६४ अंशांची होते. एवढ्यानेच तिची घनता सुमारे २० टक्क्यांनी वाढते. म्हणजे इंटरकूलर नसणे आणि असणे यांत मोठा फरक आहे.

आता त्याजागी उत्तम प्रतीचा, ८० टक्के काम करणारा इंटरकूलर बसवला असे धरू. हवा ५४ अंशांवर येईल. दहा अंशांचा फरक ऐकायला छान वाटतो, पण घनतेतली वाढ भरते फक्त तीन टक्के. कारण घनता ठरते ती निरपेक्ष शून्यापासून मोजलेल्या तापमानावर, आणि त्या मोजपट्टीवर ६४ अंश म्हणजे ३३७ आणि ५४ अंश म्हणजे ३२७.

दुसरी बाजू आणखी महत्त्वाची. हवेला इंटरकूलरच्या अरुंद नळ्यांतून जाताना अडथळा होतो आणि दाब थोडा घटतो. नव्या इंटरकूलरमध्ये हा दाब जुन्यापेक्षा ०.१ बारने जरी जास्त घटला, तरी दोन बारच्या हिशेबात पाच टक्के गेले. तीन टक्के कमावून पाच टक्के घालवायचे, हा सौदा आतबट्ट्याचा. आधुनिक गाडीचा संगणक ही तूट भरून काढतो, पण त्यासाठी टर्बोला अधिक जोरात फिरवतो. त्यामुळे हवा आणखी तापते आणि टर्बोवरचा ताणही वाढतो.

म्हणूनच विक्रेत्याने ‘इतके हॉर्सपॉवर वाढतील’ असे सांगितले, तर दोन आकडे मागावेत: ठरावीक हवेच्या प्रवाहाला तापमान किती उतरते आणि दाब किती घटतो. ज्याच्याकडे यातला एकच आकडा आहे, त्याने अर्धीच चाचणी केलेली असते.

खरा प्रश्न दुसऱ्या-तिसऱ्या फेरीचा

मग मोठ्या इंटरकूलरचा उपयोग शून्य का? तसेही नाही. वरचा हिशेब वारा भरपूर असतानाचा आहे. भर उन्हात घाट चढताना, सिग्नलवर दहा मिनिटे उभे राहून एकदम वेग घेताना किंवा रेसिंग ट्रॅकवर लागोपाठ फेऱ्या मारताना चित्र बदलते. गाडीच्या तोंडाशी एसीचा कंडेन्सर, इंटरकूलर आणि रेडिएटर एकमेकांना चिकटून बसलेले असतात. वारा कमी पडला की हा सगळा थर तापतो आणि इंटरकूलर स्वतःच उष्णतेचा साठा बनतो. तज्ज्ञ याला ‘हीट सोक’ म्हणतात. अशा वेळी इंजिनात ८०-९० अंशांची हवा जाऊ शकते.

इथे धोका केवळ ताकद घटण्याचा नसतो. पेट्रोल इंजिनात ठिणगी पडल्यावर आग सिलिंडरमध्ये क्रमाने पसरायला हवी. आत येणारी हवा फार गरम असेल, तर कोपऱ्यातले मिश्रण ठिणगीची आग पोहोचण्याआधीच आपोआप पेटते. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. पिस्टनवर हातोडा पडावा तसे दाबाचे धक्के बसतात आणि ते चालूच राहिले तर पिस्टनच्या कडा आणि रिंगा तुटतात. कंपनीची गाडी यापासून स्वतःला वाचवते. नॉक सेन्सरने इशारा दिला की संगणक ठिणगी उशिरा पाडतो, गरज पडल्यास टर्बोचा दाबही उतरवतो. चालकाला जाणवते ते इतकेच, की ‘सकाळी गाडी छान ओढत होती, दुपारी मरगळली’. एप्रिल-मे महिन्यांत अकोला किंवा चंद्रपूरला पारा ४५ अंशांकडे जातो तेव्हा हा अनुभव अधिक येतो. चांगला इंटरकूलर कमाल ताकद फारशी वाढवत नाही. मूळची ताकद तिसऱ्या फेरीतही टिकवून धरणे हे त्याचे खरे काम.

पेट्रोलचा ऑक्टेन आकडा हीदेखील नॉकिंगविरुद्धची ढाल आहे. त्यामुळे निर्मात्याने सांगितलेल्या ऑक्टेनचे पेट्रोल न भरता इंटरकूलरवर खर्च करणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून भिंती रंगवणे.

आपल्या गाडीत आहे तरी काय?

खरेदीआधीचा पहिला प्रश्न इंटरकूलर कोणत्या जातीचा, हा. बंपरमागे बसणारा, थेट वाऱ्याने गार होणारा प्रकार बदलायला तुलनेने सोपा. सुबारूसारखा इंजिनाच्या डोक्यावर बसणारा प्रकार आखूड नळ्यांमुळे चटकन प्रतिसाद देतो, पण इंजिनाची धग सोसतो. तिसरा प्रकार पाण्याचा. त्यात हवेची उष्णता आधी पाण्याला आणि मग पुढच्या छोट्या रेडिएटरमधून वाऱ्याला दिली जाते. फोक्सवॅगन समूहाच्या एक लिटर टीएसआय इंजिनात आणि बीएमडब्ल्यू एम३४०आयमध्ये तो इंजिनाच्या हवा-नळकांड्यातच बसवलेला असतो. अशा गाडीला ‘पुढे मोठा इंटरकूलर लावू’ असे कोणी म्हणाले, तर त्याला गाडीची रचना माहीत आहे का, हे आधी तपासावे.

दुसरा प्रश्न बांधणीचा. बाजारात दोन मुख्य प्रकार मिळतात. ‘ट्यूब-अँड-फिन’ म्हणजे पातळ नळ्या आणि त्यांच्यामध्ये पत्र्याच्या नाजूक झालरी. हा हलका असतो, मागच्या रेडिएटरकडे वारा सहज जाऊ देतो आणि तापला तरी वारा मिळताच लवकर गार होतो. ‘बार-अँड-प्लेट’ हा जाड पट्ट्यांचा, वजनदार प्रकार. त्याची तुलना बिडाच्या जाड तव्याशी करता येईल. तापायला वेळ लागतो, म्हणून दहा-पंधरा सेकंदांच्या जोरदार धावेत तो उष्णता पोटात घेतो. पण एकदा तापला की निवायलाही वेळ घेतो. रस्त्यावर रोज चालणाऱ्या, मूळ अवस्थेतल्या गाडीला चांगला ट्यूब-अँड-फिन अनेकदा पुरतो. छोट्या, जोरदार धावा करणाऱ्याला बार-अँड-प्लेट भावेल. दगड-खड्यांचा मारा मात्र तो अधिक सोसतो.

आकाराबाबत एक गैरसमज सार्वत्रिक आहे: जितका जाड तितका चांगला. प्रत्यक्षात वारा पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच बरीच उष्णता उचलतो आणि मागच्या भागाला तापलेलाच वारा मिळतो. शिवाय जाड गाभा रेडिएटरचा वारा अडवतो. मग इंटरकूलर गार आणि इंजिनाचे पाणी गरम, अशी अवस्था व्हायची. जाडीपेक्षा वाऱ्यासमोर येणारे क्षेत्रफळ महत्त्वाचे. तेवढेच महत्त्वाचे म्हणजे वारा गाभ्यातूनच जावा, बाजूच्या फटींतून निसटू नये. या फटी फोमने किंवा पत्र्याने बंद करणे हे स्वस्तातले, पण गुणकारी काम आहे. बाजूच्या टाक्यांचा आकारही पाहावा. हवा सगळ्या नळ्यांत सारखी वाटली गेली नाही, तर अर्धा गाभा नुसता ओझे म्हणून राहतो.

पैसे खर्च करण्याआधी

मोजणी करणे अवघड नाही. गाडीच्या ओबीडी सॉकेटला लावायचा छोटा स्कॅनर आणि मोबाइल एवढ्यावर इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान दिसते. गाडी सोबतच्या व्यक्तीने पाहावे, चालकाने नव्हे. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या चालवण्यात हे तापमान बाहेरच्या हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनीच जास्त राहत असेल, तर बदलाची गरज नाही. घाटात ते सतत चढत जाते, उतरायला वेळ लागतो आणि त्याच वेळी संगणक ठिणगी मागे घेतो असे दिसले, तरच पुढचा विचार करावा.

त्याआधीही घरगुती उपाय आहेत. इंटरकूलरच्या झालरींत माती, किडे आणि पावसाळ्यातला चिखल साचतो. कमी दाबाच्या पाण्याने तो धुवावा. जोरदार फवाऱ्याने झालरी वाकतात. रबरी नळ्या आणि क्लिपा तपासून गळतीची चाचणी करून घ्यावी. ज्या गाडीत हवेची मोजणी टर्बोच्या आधी होते, तिथे मोजलेली हवा वाटेतच निसटली की इंधन प्रमाणाबाहेर पडते, काळा धूर येतो आणि मायलेजही घटते. गळती थांबवणे हीच अशा गाडीची पहिली सुधारणा. आत तेलाचा पातळ थर दिसला तर घाबरू नये. तेलाचे तळे साचले असेल तर मात्र टर्बो किंवा इंजिनाच्या श्वासनळीची तपासणी हवी.

सुबारूने आपल्या काही एसटीआय गाड्यांत इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारण्याची सोय कारखान्यातूनच दिली होती. माठातले पाणी गार का होते, तेच शास्त्र इथे लागू पडते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे २,४०० जूल उष्णता ओढली जाते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात हा उपाय चांगला चालेल. मुंबईच्या दमट हवेत, कूलर चालतो तितपतच.

कायदा, विमा आणि वॉरंटी

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करण्यावर बंधन घालते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हे बंधन ठामपणे अधोरेखित केले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. आपला बदल यात मोडतो का, हे आरटीओकडून आधीच विचारून घ्यावे. विमा कंपनीला लेखी कळवावे, कारण न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी आडवा येऊ शकतो. वॉरंटी शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत थांबणेच शहाणपणाचे. आणि काहीही झाले तरी कंपनीचा मूळ इंटरकूलर भंगारात देऊ नये. गाडी विकताना त्याची किंमत कळते.

दुकानदाराच्या फळीवर चकाकणारा ॲल्युमिनियमचा गाभा डोळ्यांत भरतो. पण इंजिनाला त्याची चमक कळत नाही. त्याला कळते ते आत येणाऱ्या हवेचे तापमान आणि दाब, आणि हे दोन्ही आकडे आपल्यालाही मोजता येतात. ते हाती आल्यावर बहुतेक मूळ गाड्यांच्या मालकांना कळून चुकेल, की आपल्याला नव्या इंटरकूलरची नव्हे, तर पाण्याच्या एका बादलीची आणि दोन नव्या क्लिपांची गरज होती.