मुलीचं एमसीए आणि गटाचं कर्ज

गेल्या वर्षी आमच्या गटाच्या मासिक बैठकीत एका ताईंचा कर्जाचा अर्ज आला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘मुलीचं एमसीए’. शेळी, शिलाई मशीन, बी-बियाणं, दवाखाना ही कारणं आम्हाला पाठ. एमसीए म्हणजे काय, हे मात्र कुणालाच नीट सांगता येईना. एक जण म्हणाली, “कॉम्प्युटरचा क्लासच ना? तो तर तालुक्याला तीन महिन्यांत होतो.” तरी मुलीच्या शिक्षणाला नाही कशाला म्हणायचं, म्हणून आम्ही साठ हजार मंजूर केले. त्यातला मोठा भाग भरावाच लागला नसता, हे नंतर कळलं. तेच आज सांगतो.

आधी एमसीए म्हणजे काय ते बघू. तीन महिन्यांच्या क्लासमध्ये संगणक वापरायला शिकवतात. एमसीए ही पदवीनंतरची पदव्युत्तर पदवी आहे. त्यात संगणकाकडून काम करून घेणारी व्यवस्था उभी करायला शिकवतात. आपल्या गटाचंच उदाहरण घ्या. सगळे व्यवहार एकाच वहीत तारखेने लिहिले, तर एका ताईंची बाकी काढायला सगळी वही चाळावी लागते. प्रत्येकीचं खातं वेगळ्या पानावर लिहिलं आणि पुढे अनुक्रमणिका केली, तर तेच काम मिनिटात होतं. नोंदी कशा मांडायच्या, कशा शोधायच्या, परक्याचा हात त्यात कसा पडू द्यायचा नाही, हाच विचार लाखो नोंदींसाठी करायचा म्हणजे माहितीशास्त्र. इंग्रजीत त्याला इन्फॉर्मेटिक्स म्हणतात. केंद्र सरकारचं या कामाचं एक कार्यालयच आहे, नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर. ते १९७६ साली सुरू झालं. आपला सातबारा आणि फेरफार संगणकावर आणण्यात त्याच्या पुण्याच्या केंद्राचा मोठा वाटा आहे.

एमसीए पूर्वी तीन वर्षांचं होतं. २०२० पासून ते दोन वर्षांचं झालं, म्हणजे चार सत्रं. त्यात डेटाबेस, नेटवर्क, प्रोग्रॅमिंग, संख्याशास्त्र असे विषय असतात आणि शेवटाकडे प्रत्यक्ष कामाचा प्रकल्प असतो.

आता प्रवेशाचं. बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर झालेल्या मुलींना ही वाट सरळ आहे. इतर पदवीधर मुलींनाही येता येतं, पण तिथे बारावीला किंवा पदवीला गणित होतं का, हा प्रश्न येतो. म्हणून दहावीनंतर “गणित अवघड जातं, सोडून दे” असं मुलीला सहज सांगू नका. पदवीला खुल्या प्रवर्गासाठी किमान ५० टक्के आणि राखीव प्रवर्गासाठी ४५ टक्के गुण लागतात. अट कधी बदलते, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका मुलीकडून वाचून घ्या.

त्यासोबत राज्याची सीईटी द्यावी लागते. घरोघरी इथेच चूक होते. आपण म्हणतो, आधी निकाल लागू दे, मग बघू. सीईटीचा अर्ज मात्र हिवाळ्यातच भरायचा असतो आणि परीक्षा मार्चच्या आसपास होते. मुलगी तेव्हा पदवीच्या शेवटच्या वर्षालाच असते आणि तिला परीक्षा देता येते. निकालाची वाट बघत बसलं, तर वर्ष हातचं जातं. २०२४ पासून बीसीएलाही सीईटी आहे, म्हणजे बारावीच्या मुलींनीही हे लक्षात ठेवायचं.

आमच्या ताईंच्या मुलीने सीईटी वेळेवर दिली होती. गुणही बरे होते. पुढे शासनाची केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया असते. तिला कॅप म्हणतात. त्यात कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा आणि गुणांप्रमाणे जागा मिळते. तेवढ्यात एक मध्यस्थ घरी आला. “फेऱ्यांच्या भानगडीत पडू नका, आज पैसे भरा, जागा पक्की,” म्हणाला. ताई घाबरल्या. गटाचं कर्ज त्याच आठवड्यात निघालं.

शासनाचा निर्णय काय आहे, ते आम्हाला तेव्हा माहीत नव्हतं. ८ जुलै २०२४ च्या निर्णयाप्रमाणे आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या ज्या मुलींच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे, त्यांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजातही ते माफ आहे. अट अशी, की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला आणि खासगी विद्यापीठांना ही सवलत नाही. मुलीने महाडीबीटीवर अर्ज केला, तो याच कारणाने परत आला. कॅपमधून तीच पदवी शिक्षण शुल्क न भरता झाली असती. आज मुलगी मन लावून शिकते आहे आणि ताई दर महिन्याला शेकडा दीड रुपयाने व्याज भरत आहेत. चूक एकट्या ताईंची नाही. मंजुरी देताना आम्ही एक प्रश्नही विचारला नव्हता.

अनुसूचित जाती-जमातींच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती आणि फ्रीशिप आधीपासून आहे. तिचाही अर्ज महाडीबीटीवरच होतो.

फी माफ झाली तरी विकास शुल्क, खोली, खाणावळ आणि प्रवास हा खर्च उरतोच. त्यासाठी शासनाच्या वेगवेगळ्या योजना आहेत. अनुसूचित जातीसाठी स्वाधार, जमातीसाठी स्वयंम्, ओबीसीसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना आणि पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. अटी प्रत्येकीच्या वेगळ्या आहेत. बँकेचं शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळायला हवं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. गटाचं कर्ज उरलेल्या खर्चापुरतं घ्यावं.

जिला घर सोडता येत नाही, अशा लेकीसुनेसाठी इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एमसीए आहे. ते नोकरी सांभाळूनही करता येतं.

आता आमच्या गटात दिवाळीनंतरच्या बैठकीत एक यादी होते. कुणाची मुलगी बारावीला आहे, कुणाची पदवीच्या शेवटच्या वर्षाला, ते लिहून घेतो. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमिलेअर आणि आधारला जोडलेलं मुलीचं बँक खाते, यातलं ज्या घरी जे लागू आहे ते आहे का, हे विचारतो. जात वैधतेला वेळ लागतो, म्हणून तिची तयारी सगळ्यांत आधी. शिक्षणासाठी कर्जाचा अर्ज आला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो, “ताई, प्रवेश कॅपमधून आहे ना?”

तुमच्या पुढच्या बैठकीतही ही यादी करा.