डावीकडचा आवाज

माझ्या साठीनिमित्त मुलाने पुण्याहून हेडफोन पाठवले. पार्सल हातात पडल्यावर मी त्याला पहिला प्रश्न विचारला तो किमतीचा. बरेच आढेवेढे घेऊन त्याने आकडा सांगितला आणि माझ्यातला मराठवाड्याचा माणूस जागा झाला. तेवढ्या पैशात धाराशिवच्या बाजारात दोन चांगल्या उस्मानाबादी शेळ्या आल्या असत्या. जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, शेळीचे मात्र तेच राहिले. या शेळ्या जुळी करडे देण्याबद्दल प्रसिद्ध आहेत. म्हणजे वर्षभरात दोनाच्या सहा झाल्या असत्या. हा हिशेब मी मुलाला ऐकवला. तो म्हणाला, "बाबा, शेळ्या भूप गात नाहीत." यावर काय बोलणार!

सेनहायझर या जर्मन कंपनीचे एचडी ६०० हे मॉडेल. १९९७ साली बाजारात आले आणि आजही मिळते. दर दिवाळीला मोबाइल जुना ठरण्याच्या या काळात ही गोष्ट मला पहिल्याच क्षणी आवडली. वायर निघते, कानाच्या गाद्या निघतात, खराब होईल तो भाग बदलता येतो; जुन्या सायकलीसारखा प्रकार. वजन पाव किलोहून किंचित जास्त. हे कानावर बसत नाहीत, आपला कान त्यांच्या आत बसतो. चष्म्याच्या काड्यांवर गादी दाबली जाते आणि नव्या जोड्याप्रमाणे सुरुवातीला पकड जरा घट्ट लागते. यांचा विद्युतरोध ३०० ओहम. मोबाइलच्या तुटपुंज्या शक्तीला हे ओढत नाहीत, म्हणून मुलाने सोबत अ‍ॅम्प्लिफायरची छोटीशी डबीही पाठवली होती.

किशोरीताईंचा भूप लावला. ही कॅसेट मी इतकी वर्षे ऐकली आहे की ती कुठे घरघरते तेही पाठ आहे. आता ती घरघर नव्हती, पण खरे सांगायचे तर पहिली पाच मिनिटे निराशाच झाली. एवढे पैसे मोजल्यावर काहीतरी दणका बसेल अशी माझी समजूत. इथे दणका नाही, धमधम नाही. आवाज साधा, काहीसा दूरचा. मग हळूहळू एकेक गोष्ट जागेवर दिसू लागली. दिसू लागली हाच शब्द बरोबर आहे. तानपुऱ्याचा झंकार मला आजवर एक सलग पडदा वाटायचा. आता त्यातल्या तारा सुट्या झाल्या, एक विरत असताना दुसरी तिच्यावर कशी चढते ते कळू लागले. स्वरमंडळावरून फिरणारे बोट कळले. आलाप सुरू होण्याआधी घेतलेला श्वास कळला. तो श्वास चाळीस वर्षे त्या कॅसेटमध्ये असणारच, मला ठाऊक नव्हता इतकेच. विसाव्या मिनिटाला डोक्यावर काही आहे याचा विसर पडला.

या हेडफोनची पाठ उघडी असते, बाहेरच्या बाजूला नुसती जाळी. त्यामुळे आतला आवाज बाहेर जातो आणि बाहेरचा आत येतो. नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल ज्यांनी पावसाळ्यात पाहिला असेल त्यांना यातला फरक लगेच समजेल. बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात बांधलेल्या त्या दालनात उभे राहिले की बाहेर कोसळणाऱ्या धारांचा घुमारा चारी भिंतींतून अंगावर येतो. बंद पाठीचे हेडफोन कितीही चांगले असले तरी मला थोडे तसे वाटतात. तो महाल इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीतला. 'किताब-ए-नवरस' लिहिणारा हा संगीतवेडा सुलतान त्या घुमाऱ्यात बसून गाणे ऐकत असेल का, कोण जाणे. उघड्या पाठीची सोय म्हणजे माणूस घरातून नाहीसा होत नाही. "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करा," हे मला भूपाच्या ऐन मध्यात स्वच्छ ऐकू आले. न ऐकल्याचे सोंगही करता येईना.

हेडफोनची कथाही ऐकण्याजोगी आहे. अमेरिकेतल्या यूटामध्ये नॅथॅनियल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते बनवले आणि १९१० च्या सुमारास तिथल्या आरमाराने विकत घेतले. म्हणजे जन्म बिनतारी संदेश ऐकण्यासाठी. गाण्यासाठी स्टिरिओ हेडफोन आले ते १९५८ मध्ये, जॉन कॉस यांचे. उघड्या पाठीची कल्पना सेनहायझरने १९६८ मध्ये आणली. १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला, तेव्हा त्याला दोन हेडफोन जोडण्याची सोय होती. एकट्यानेच गाणे ऐकणे असभ्य दिसेल, अशी सोनीचे अकिओ मोरिता यांना धास्ती होती. पुढे ती दुसरी खाच काढून टाकली. लोकांना एकट्याने ऐकायलाच आवडते हे कंपनीला कळले असावे. मला मात्र ती खाच हवी होती. कारण हे ऐकणे कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना, आणि ते कुणाला दाखवायचे याचा विचारही करावा लागला नाही.

माझे थोरले बंधू तुळजापूरला असतात. १९७४ ते २००९ अशी पस्तीस वर्षे त्यांचा लाउडस्पीकर भाड्याने देण्याचा व्यवसाय होता. पंचक्रोशीतले एक लग्न, एक भंडारा, एक जत्रा दादांच्या कर्ण्याशिवाय झाली नसेल. सुरुवातीला एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन कर्णे, एक माइक, तबकड्यांची पेटी आणि ट्रॅक्टरची बॅटरी, एवढाच संसार. लिंबाच्या झाडावर चढून कर्णा बांधायचा, खाली येऊन "हॅलो, हॅलो" करायचे आणि मग दिवसभर तबकड्या आणि आहेराचा पुकारा. नवरात्रात आणि कोजागिरीच्या आधी सोलापूरहून तुळजापूरला पायी येणाऱ्यांची रीघ लागते, तेव्हा चहा-फराळाच्या मांडवात दादांचा सेट रात्रंदिवस चाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला, त्याच्या आदल्या रात्री ते गणपती विसर्जनाचे सामान आवरून आडवे झाले होते. दोन दिवसांनी तोच सेट घेऊन ते सास्तूरच्या बाजूला गेले. मदतीच्या तळावर सापडलेल्यांची आणि न सापडलेल्यांची नावे त्या कर्ण्यावरून पुकारली जात. त्या आठवड्याबद्दल दादा बोलत नाहीत.

दादांचा कान हा आमच्या घरात शेवटचा शब्द. माइक शिट्टी मारायला लागला की कर्ण्याचे तोंड किती बोटे वळवायचे ते त्यांना नेमके ठाऊक. कर्ण्याच्या युनिटमधला पडदा फाटण्याआधी आवाजाला बारीक चरा पडतो म्हणे. तो त्यांना अर्धा मैल अंतरावरून कळे. मी रेडिओ घेतला तो त्यांना ऐकवून, टेपरेकॉर्डरही त्यांना ऐकवूनच. हेडफोन पिशवीत घालून मी तुळजापूरची एसटी पकडली ती याच सवयीने.

दादांनी टोपी काढून ठेवली, हेडफोन हातात घेऊन जाळीतून आत पाहिले, वायरीचे टोक काढून परत बसवले आणि मग कानावर चढवले. मी भूप लावला. दोन मिनिटे ते डोळे मिटून बसले. मग कपाळाला आठी पडली.

"डावीकडचं युनिट बसलंय याचं," ते म्हणाले.

माझ्या पोटात गोळा आला. शेळ्या आठवल्या. "दादा, मला तर दोन्हीकडं सारखं येतंय."

"तुला काय कळतंय? डावीकडं तानपुरा नुसता घुमायलाय. वरची धारच नाही त्याला."

मी चाचरत म्हणालो की ध्वनिमुद्रणच तसे असेल, तानपुरा एका बाजूला ठेवला असेल. हे त्यांना पटण्यासारखे होते. "मग स्टिरिओ नको. मोनो लाव." मी बालगंधर्वांचे जुने गाणे लावले. त्या काळच्या तबकड्या मोनोच. दोन्ही कानांत तोच आवाज जातो आणि गाणारा बरोबर कपाळाच्या मध्यावर उभा राहतो. दादांनी थोडा वेळ ऐकले. "उजवीकडं सरकलेत," एवढेच म्हणाले.

आणि मग त्यांनी तेच केले जे कोणत्याही कारागिराने केले असते. हेडफोन काढले, उलटे फिरवले आणि परत चढवले. आता डावे युनिट उजव्या कानावर आणि उजवे डाव्यावर. दोष युनिटमध्ये असो, वायरीत असो की माझ्या त्या अ‍ॅम्प्लिफायरच्या डबीत असो, तो आता उजवीकडे जायला हवा होता. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. बालगंधर्व गातच होते; उघड्या जाळीतून मलाही बारीक ऐकू येत होते. दादांनी पुन्हा एकदा हेडफोन फिरवले. मग सावकाश काढून चटईवर ठेवले आणि टोपी घातली.

"मशीन चांगलं आहे तुझं," ते म्हणाले. "चहा घे."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गेली दहा वर्षं सांगतेय मी. एक बोललं की दुसरंच ऐकतात."

सोलापूरच्या कानाच्या डॉक्टरांकडे नेण्यास दीड महिना लागला. त्यांनी आधी मळ पाहिला, डावा कान अधिक गेलेला म्हणून दुसरे काही कारण नाही ना याची खातरजमा केली. मग काचेच्या खोलीत बसवून दादांना हेडफोन घातले, ही गंमतच. २५० पासून ८००० हर्ट्झपर्यंतचे बारीक सूर एकेका कानात सोडतात आणि ऐकू आला की बटण दाबायचे. निकाल कागदावर आलेखात येतो. उजव्या कानाला लाल गोल, डाव्याला निळी फुली. माझ्या हेडफोनच्या उजव्या वायरीच्या टोकालाही लालच खूण आहे. दादांच्या निळ्या फुल्या सुरुवातीला बऱ्यापैकी सपाट चालत होत्या आणि ४००० हर्ट्झजवळ विहिरीत उतरावे तशा खाली गेल्या होत्या. लाल गोलही उतरले होते, पण इतके खोल नव्हे.

डॉक्टरांनी समजावले ते असे. कानाच्या आत गोगलगायीच्या शंखासारखी नळी असते आणि तिच्यात सुमारे पंधरा हजार सूक्ष्म केसांच्या पेशी. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी शंखाच्या तोंडाशीच असतात, मोठ्या आवाजाचा मार त्यांना आधी बसतो. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, ही कामगारांसाठी धरलेली मर्यादा. त्यावर दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन. दादा पस्तीस वर्षे अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीशेजारी, डावा खांदा कर्ण्याकडे करून बसले. आपल्या भाषेतले स, श, फ, त यांसारखे व्यंजनांचे बारीक आवाज बऱ्याच अंशी त्याच वरच्या पट्टीत असतात. स्वर खालच्या पट्टीतले, ते टिकतात. म्हणून अशा माणसाला बोललेले ऐकू येते, पण समजत नाही, आणि तो म्हणतो की हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. दादा हे वाक्य नेहमीच म्हणत.

परतीच्या एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. तामलवाडी मागे पडल्यावर एकदम म्हणाले, "शेवटी शेवटी लोक म्हणायचे, तुमचा सेट लई कर्कश झालाय. मला वाटायचं, डीजेवाल्यांची फूस आहे."

मी काही बोललो नाही. कारण ते खरे होते. ९८-९९ पासून दादांच्या कर्ण्याचा आवाज कानाला टोचू लागला होता. अ‍ॅम्प्लिफायरवर जाड आवाजाचे एक बटण असते आणि बारीक आवाजाचे एक. बारीक आवाजाचे बटण ते दर वर्षी थोडे थोडे पुढे नेत होते. त्यांना स्वतःला गाणे पूर्वीसारखे लागेपर्यंत ते बटण फिरवायचे आणि समोरचा सारा मांडव कानावर हात ठेवायचा. गिऱ्हाईक तुटले ते नुसत्या डीजेमुळे नव्हे. माझ्याच मुलीच्या बारशाला मी त्यांच्या मागे उभा होतो, ते बटण शेवटच्या टोकाला टेकलेले मी पाहिले होते.

"तू होतास की मांडवात," दादा म्हणाले. "सांगितलं का नाहीस?"

कंडक्टर तिकिटे विचारीत आला, त्याचा मी फायदा घेतला.

आता दादांच्या दोन्ही कानांमागे श्रवणयंत्रे आहेत. पहिले चार दिवस ती त्यांनी डबीतच ठेवली. पाचव्या दिवशी वहिनींच्या बांगड्या फार वाजतात अशी तक्रार केली. गेल्या रविवारी मी पुन्हा हेडफोन घेऊन गेलो. त्यांनी यंत्रांवरूनच ते चढवले आणि लगेच बारीक, टोकदार शिट्टी वाजू लागली. मी घाबरून अ‍ॅम्प्लिफायर बंद केला, तरी शिट्टी चालूच. दादा मात्र कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. "अरे, माइक स्पीकरच्या तोंडाला लावलास की! कानामागं माइक, कानात स्पीकर, वरून तुझं हे झाकण. शिट्टी नाही मारणार तर काय?" एवढे बोलून त्यांनी दोन बोटांनी डावी गादी जराशी वळवली, कर्णा वळवायचे तशी. मग उजवी.

"अजून वाजायलीय का? मला नीट कळेना. खरं सांग."

"वाजतेय, दादा. थोडं मागं घ्या."