तापलेल्या खडकातलं पाणी जातं कुठे?

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या युक्का पर्वतात अणुभट्ट्यांचा कचरा पुरायचा बेत होता. हा कचरा वर्षानुवर्षं उष्णता सोडत राहतो. त्या उष्णतेने खडकातल्या पाण्याचं काय होईल, हे पाहण्यासाठी डिसेंबर १९९७ मध्ये डोंगराच्या पोटातल्या ४७.५ मीटर लांबीच्या बोगद्यात विजेचे हीटर सुरू झाले. बोगद्याची भिंत सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवण्यात आली.

गैरसमज : वाळवंटातला खडक कोरडा ठणठणीत असतो.
वस्तुस्थिती : युक्का पर्वताचा हा खडक ज्वालामुखीची राख घट्ट होऊन बनलेला. त्याच्या आकारमानाचा साधारण दहावा हिस्सा सूक्ष्म छिद्रांचा आहे. भूजलपातळीच्या बऱ्याच वर असूनही ही छिद्रं बहुतांशी पाण्याने भरलेली असतात.

गैरसमज : वाफ झाली, म्हणजे पाणी गेलं.
वस्तुस्थिती : पाणी फक्त जागा बदलतं. वाफ भेगांतून थंड खडकाकडे सरकते आणि भाताच्या झाकणाला पाणी सुटावं तसं तिथे तिचं पुन्हा पाणी होतं. काही छिद्रांत मुरतं, काही भेगांतून खाली झिरपतं. म्हणूनच हीटरजवळचा खडक सुकला, तरी पलीकडच्या खडकात ओल वाढली. बोगद्याचं तोंड बंद करणाऱ्या आडभिंतीतूनही वाफ निसटली. तीही हिशेबात धरावी लागली.

गैरसमज : तापमान मोजलं की झालं.
वस्तुस्थिती : तापमान ओलीचा सुगावा देतं, मोजमाप नाही. बोगदा ज्या उंचीवर आहे, तिथे पाणी सुमारे ९६ अंशांना उकळतं. उकळणं चालू असताना तापमानाचा आलेख तिथे रेंगाळतो. पण पाणी उरलं किती? त्यासाठी खडकात पाडलेल्या बोअरमध्ये न्यूट्रॉन सोडणारं उपकरण उतरवतात. पाण्यातला हायड्रोजन न्यूट्रॉनचा वेग कमी करतो. मंदावलेले न्यूट्रॉन जितके जास्त, तितकी ओल जास्त. खडकाचा विद्युतरोधही पाहतात, कारण ओल्या खडकातून वीज सहज वाहते. मात्र नुसत्या तापण्यानेही रोध घटतो. तापमानाचा परिणाम वेगळा काढला नाही, तर आकडा फसवतो. भेगांसाठी बोअरचा एक टप्पा दोन्ही बाजूंनी बंद करून त्यात हवा दाबतात. भेगेत पाणी असेल, तर हवेची वाट अडते.

गैरसमज : हीटर बंद, प्रयोग संपला.
वस्तुस्थिती : हीटर जानेवारी २००२ मध्ये बंद झाले, पण खडक निवत असतानाही मोजमाप चालूच राहिलं. सुकलेल्या भागात पाणी कसं परततं, हे तेव्हाच कळतं.

तेव्हा केवळ तापमानाचा आलेख पुढे करून कोणी खडक कोरडा असल्याचा निर्वाळा दिला, तर ओल कशाने मोजली, हे आधी विचारा.