काळ्या मातीवरील कृत्रिम हिरवळ

बंगल्यापुढें हिरवळ असावी ही हौस नवी नाहीं. परंतु ती हिरवळ कारखान्यांत तयार होऊन गुंडाळीच्या रूपानें घरीं यावी, हा प्रकार मात्र अलीकडचा होय. नाशिक, सोलापूर, नागपूर अशा शहरांभोंवतीं जीं प्रशस्त घरें उठलीं आहेत, त्यांपैकीं पुष्कळांच्या अंगणांत आतां हें प्लॅस्टिकचें गवत दिसतें. त्यास पाणी नको, कापणी नको, माळी नको, असें विकणारा सांगतो, व तें बहुतांशीं खरेंही आहे. पण दोन पावसाळे होतात न होतात तोंच सांधे उकलतात, मध्येंच उंचवटे येतात, कडा वळतात आणि त्या दुमडींत एखाद्या वृद्धाचा पाय अडकतो. ज्यांच्या घरीं सत्तरी ओलांडलेलीं माणसें व नुकतीं चालूं लागलेलीं मुलें एकत्र नांदतात, त्यांनीं हा केवळ शोभेचा प्रश्न समजूं नये.

अशा वेळीं 'गवतच वाईट निघालें' असा निकाल देऊन लोक नवी गुंडाळी आणतात. खरें कारण त्याखालीं दडलेलें असतें. दख्खनच्या पठाराचा काळा पाषाण सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वींच्या लाव्ह्याचा आहे. तो झिजून जी काळी माती झाली, तींत माँटमोरिलोनाइटसारखीं चिकण खनिजें असतात. त्यांचे कण वहीच्या पानांप्रमाणें थरांचे बनलेले असून त्या थरांमध्यें पाणी शिरलें कीं माती फुगते, व निघून गेलें कीं आकसते. वैशाखांत शेतांत हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडतात आणि आषाढांत त्याच बुजतात, हें कापूस पिकविणाऱ्या प्रदेशांतील कोणासही सांगावयास नको. ही हालचाल सर्वत्र सारखी झाली असती तर फारसें बिघडलें नसतें. परंतु अंगणांतील ओल कधीं सारखी नसते. तुळशीला रोज घातलेलें पाणी एका बाजूस ओघळतें, वातानुकूलन यंत्राची नळी भिंतीलगत ठिबकत राहते, पन्हाळीची धार एकाच कोपऱ्यांत पडते. उलट आंब्याचीं मुळें आपल्या बाजूची ओल शोषून घेतात. एके ठिकाणीं माती चढते, दुसरीकडे खचते, व वरचें गवत बिचारें दोहोंकडे ताणलें जातें.

बाहेरून आलेली रीत जशीच्या तशी उचलल्यानें यांत भर पडते. या गवताचा बोलबाला झाला तो अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं. तेथील ॲस्ट्रोडोम या छप्परबंद क्रीडागृहांत खरें गवत जगेना, म्हणून १९६६ सालीं हें अंथरण्यांत आलें. मौज अशी कीं, ह्यूस्टनची मातीही फुगणारीच; पण छपराखालीं पाऊस कोठला पडावयास! उघड्या अंगणांत पाणी झिरपून जावें म्हणून गवताखालीं खडी-वाळूचा थर घालतात. काळ्या मातीवर असा थर थेट पसरला कीं अस्तराच्या भोकांतून उतरलेलें पाणी त्यांत सांचून राहतें व खालच्या मातीस पोटभर मिळतें. मुंबईच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनीं १९७० च्या दशकांत या मातीवर पुष्कळ संशोधन केलें. चिकटपणा आहे पण फुगण्याचा गुण नाहीं अशा मातीचा थर दाबून बसविला, तर खालची माती आवरली जाते, असें त्यांनीं दाखविलें. कालव्यांच्या बांधकामांत ही युक्ति वापरतात. अंगणापुरतें हें काम आपला किंचित् चिकट मुरूम करूं शकतो.

तेव्हां कडेचे खिळे काढून गवत जपून उचलावें. पातीं शाबूत असतील तर तेंच पुन्हा घालतां येतें. खालची वाळू-खडी बाजूस काढून काळी माती फूटभर खणावी. जेथें ती पुरुषभर खोल आहे तेथें सारी काढण्याचा हट्ट धरूं नये. तो खर्च अंगणाला शोभणारा नव्हे. मग तीन-चार इंचांच्या थरांनीं, थोडें पाणी शिंपडून, धुम्मसानें किंवा रोलरनें दाबून मुरूम भरावा. त्यावर जिओटेक्स्टाइलचें कापड, व त्यावर दोन-तीन इंच बारीक खडी आणि दगडाची भुकटी. मुरुमाच्या थराला घराकडून बाहेर, शंभर फुटांस निदान एक फूट, असा उतार हवा व शेवटीं तें पाणी वाहून नेणारी नाली हवी. पाणसळ लावून स्वतः पाहिल्याशिवाय गवंड्यास पुढें जाऊं देऊं नये. फूटभर मुरुमानें फुगणें अजीबात थांबतें असें नाहीं, पण उंचसखलपणा पुष्कळ कमी होतो. हें काम दिवाळीनंतर काढावें. वैशाखांतील भेगांत वाळू भरली, तर पावसाळ्यांत फुगणाऱ्या मातीला जागा उरत नाहीं व ती वर उसळते.

सांधा जोडतांना दोन्ही तुकड्यांची लव एकाच दिशेस आहे ना, हें पाहावें. नाहीं तर रंगांत फरक दिसतो. खालीं फूटभर रुंदीची जोडपट्टी, त्यावर पॉलियुरेथेनचा गोंद, आणि वर दिवसभर वजन. अस्तर ओलें असतां गोंद लावूं नये.

एक मात्र स्पष्ट सांगावेंसें वाटतें. हें गवत भर उन्हांत ६० अंश सेल्सियसच्याही वर तापूं शकतें. अनवाणी मुलांसाठीं सावलीच नसेल, तर एवढा खटाटोप करण्यापेक्षां निम्म्या अंगणांत साधी हरळी लावावी. ती मातीबरोबर वरखालीं होते व तिचे सांधे उकलत नाहींत. ज्यांना कृत्रिम गवतच ठेवावयाचें आहे, त्यांनीं कापून उरलेले तुकडे माळ्यावर जपून ठेवावेत. फुलबाजीच्या एका ठिणगीनेंही या गवतास भोंक पडतें, आणि त्याच छटेचा तुकडा पुढें बाजारांत सहसा मिळत नाहीं.