प्रश्नपत्रिका एकच, घरे निराळी

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या फाटकावर ‘शंभर टक्के निकाल’ असा फलक झळकतो. जवळच्या महानगरपालिकेच्या शाळेचा आकडा त्याहून कमी असला, तर तेथील मुलांविषयी, शिक्षकांविषयी आपण चटकन मत बनवून मोकळे होतो. त्या शाळेत आपलेच नातवंड शिकत असेल, तर ही तुलना घरातही शिरते.

शाळेचा निकाल म्हणजे परीक्षेस बसलेल्यांपैकी किती मुले उत्तीर्ण झाली, एवढेच. २०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. या आकड्यावरून कोण किती चालून आला, हे कळत नाही. मंडळाची प्रश्नपत्रिका सर्वांना सारखी, वेळ सारखी. मात्र एकाला अभ्यासाची स्वतंत्र खोली असते, तर दुसरा एका खोलीच्या घरात दूरचित्रवाणीच्या आवाजात पाढे आठवतो. महापालिका शाळांतील कित्येक मुलांचे आईवडील दिवसभर कामावर असतात. अशा घरात आजी-आजोबा हाच मोठा आधार असतो.

ज्येष्ठांच्या हाती काय आहे?

पहिली गोष्ट झोप. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप आवश्यक असते. दिवसा वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेत चालते. म्हणून ‘आमच्या वेळी आम्ही रात्र रात्र जागत असू’ हे सांगणे टाळावे. रात्री ठरल्या वेळी दिवा मालवावा आणि दूरचित्रवाणीही बंद ठेवावी.

दुसरी गोष्ट उजळणी. धडा पुनःपुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून सांगणे अधिक उपयोगी ठरते. ‘आज काय शिकलास, मला समजावून सांग’, असे आजीने म्हणावे. तिला बीजगणित येत नसले तरी बिघडत नाही; आठवून सांगण्यातच मुलाचा अभ्यास होतो.

तिसरी गोष्ट भीती. मन काळजीने व्यापले की उत्तर आठवण्यासाठी लागणारी जागा उरत नाही. २०११ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात अमेरिकेतील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. परीक्षेला फार घाबरणाऱ्या मुलांनी पेपरापूर्वी दहा मिनिटे आपली भीती कागदावर लिहून काढली, तेव्हा त्यांची कामगिरी सुधारली. लिहिणे जमत नसेल, तर मुलाचे मध्येच न तोडता ऐकून घ्यावे.

निकालाच्या दिवशी

नातवंडाच्या परीक्षेच्या धांदलीत ज्येष्ठांनी स्वतःची रक्तदाबाची वा मधुमेहाची औषधे, जेवण आणि झोप चुकवू नये. घरातील एकाचे स्वास्थ्य ढळले की साऱ्या घराचे ढळते.

गुण हाती आले की शेजारच्या मुलाचे गुण विचारण्याआधी ‘जेवलास का?’ असे विचारावे. एखादा विषय राहिला, तर त्याच वर्षी पुरवणी परीक्षा देता येते, हे शांतपणे सांगावे. मूल गप्प राहू लागले, जेवेनासे झाले किंवा जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागले, तर ते बोलणे हसण्यावारी नेऊ नये. त्याला एकटे सोडू नये आणि विलंब न लावता डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. शासनाच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आणि अहोरात्र उपलब्ध आहे. तो आजच दूरध्वनीशेजारी लिहून ठेवावा.

गुणपत्रिका पुढे कपाटात जाते. त्या दिवशी घरात कोण कसे बोलले, हे मात्र मूल जन्मभर विसरत नाही.