तृणमणी आणि जेट: झाडांनी दिलेली रत्नं

विक्का हा आधुनिक निसर्गपूजक पंथ जेराल्ड गार्डनर यांच्या १९५४ सालच्या ‘विचक्राफ्ट टुडे’ या पुस्तकामुळे जगापुढे आला. त्यातल्या अनेक मुख्य पुजारिणींच्या गळ्यात एक मधाळ, एक काळा अशा मण्यांची माळ असते. मधाळ मणी तृणमण्याचा, म्हणजे अंबरचा. काळा जेटचा. सूर्य आणि रात्र, असा त्याचा एक अर्थ लावतात.

मला मात्र वेड लावलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. हे दोन्ही खनिज दगड नाहीतच! तृणमणी म्हणजे झाडाची अश्मीभूत राळ, जेट म्हणजे अश्मीभूत लाकूड. इंग्लंडमधल्या व्हिटबीचं जेट सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचं. हातात घेतलं की इतकं हलकं आणि उबदार लागतं, की दगड वाटतच नाही.

तृणमणी लोकरीवर घासा, गवताची काडी त्याला चिकटते. आपल्या भाषेतलं नाव किती नेमकं आहे बघा!

जेट विकत घेताना मात्र झिलई नसलेल्या पांढऱ्या फरशीवर हळूच ओढून बघा. खऱ्या जेटची रेघ तपकिरी उमटते, काळ्या काचेची नाही.